नवी गाडी, कडक गिअर आणि न लागणारा न्यूट्रल

संध्याकाळी साडेपाच, नाशिकच्या त्र्यंबक नाक्याचा सिग्नल. सातपूरच्या शिफ्टा सुटलेल्या, पुढे-मागे गाड्याच गाड्या. मी पायाने न्यूट्रल शोधतोय. पहिल्यातून हलकेच उचलला की थेट दुसरा. दुसऱ्यातून दाबला की थेट पहिला. मधला हिरवा दिवा काही लागत नाही. डावी मूठ आवळून बोटं भरून आली, तेव्हा वैतागून गाडीच बंद केली. आणि बंद केल्याकेल्या पहिल्याच हलक्या टिचकीला न्यूट्रल लागला.

ही गोष्ट १२५ सीसीच्या कोऱ्या गाडीची. तेव्हा मीटरवर जेमतेम ३८० किलोमीटर झाले होते. शोरूममध्ये दाखवली. "सर, नवीन गाडी आहे, रनिंग-इन होऊ द्या, सुटेल हळूहळू." क्लच ॲडजस्ट करून दिला. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली आणि मग पुन्हा तेच. पुन्हा गेलो, पुन्हा ॲडजस्ट, पुन्हा आठवडा बरा. अशा चार फेऱ्या झाल्या. चारही जॉब कार्डांवर एकच ओळ : क्लच ॲडजस्ट केला.

पाचव्या वेळी मी गेलो नाही. घरीच पट्टी घेऊन बसलो. जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण नव्या छोट्या गाडीचा गिअर कडक पडण्याची तक्रार आमच्या पार्किंगमध्येच तिघांची आहे आणि तिघांनाही "सुटेल हळूहळू" हेच औषध मिळालंय.

ते औषध अगदी खोटं नाही. नव्या गिअरबॉक्समध्ये कडा खरंच कोऱ्या असतात, क्लचच्या प्लेटा बसायच्या असतात आणि पहिलं ऑइल बदलल्यावर फरक जाणवतो. पण रनिंग-इनचा त्रास कमी कमी होत जातो. ५०० किलोमीटरला होता त्याहून १००० ला कमी. आठवडाभर बरा आणि मग पुन्हा होता तसा, अशी ये-जा तो करत नाही. ज्याची ये-जा चालू आहे तिथे काहीतरी सरकतंय, सैल होतंय किंवा ताणलं जातंय. माझ्या बाबतीत तेच निघालं.

आधी नेमकं काय कडक आहे ते बघा

"गिअर हार्ड आहे" असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. उभ्या गाडीला न्यूट्रल लागत नाही किंवा पहिला पडताना खट्ट होतं, ही एक. चालत्या गाडीत वरचा गिअर टाकताना पायाला जोर लागतो, ही दुसरी. तिसरी म्हणजे गिअर पडल्यासारखा वाटतो, पण रेस दिली की नुसता आवाज आणि पुढे काही नाही. यालाच फॉल्स न्यूट्रल म्हणतात. तिघींची मुळं वेगळी, म्हणून औषधंही वेगळी.

आतला प्रकार थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढच्या चाचण्या का करायच्या ते कळेल. आपल्या गाड्यांत सगळ्या गिअरच्या चकत्या एकमेकींत कायम अडकलेल्याच असतात. पाय दाबल्यावर दाते दात्यांत जात नाहीत. शेजारच्या चकतीच्या बाजूला असलेले जाड ठोकळे समोरच्या चकतीच्या खाचांत सरकतात. ठोकळा खाचेसमोर आला तर गिअर अलगद पडतो. ठोकळ्यासमोर ठोकळाच आला तर अडतो. म्हणून उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, कधी कधी दुसरा गिअर काही केल्या पडत नाही आणि गाडी चार बोटं पुढे ढकलली की पडतो. तो बिघाड नाही. शोरूमच्या दारात नवी गाडी उभी करून खालवर गिअर टाकून बघणारे आणि "हार्ड आहे हो" म्हणणारे या एवढ्यावरूनच मत बनवतात.

आता न्यूट्रलचं. क्लच दाबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स यांची पूर्ण फारकत व्हायला हवी. ती अर्धवटच झाली, तर इंजिन आतला शाफ्ट थोडा फिरवत राहतं. मागचं चाक मात्र जमिनीवर थांबलेलं. मग ते ठोकळे खाचांच्या भिंतीवर दाबून बसतात आणि पायाच्या जोराने सुटत नाहीत. इंजिन बंद केलं की तो दाब जातो आणि न्यूट्रल टिचकीसरशी लागतो.

म्हणून सिग्नलवरचा माझा वैताग हीच खरी चाचणी होती. इंजिन चालू असताना न्यूट्रल लागत नाही आणि बंद करताच लागतो, तर गिअरबॉक्सला दोष देऊ नका. क्लच पूर्ण सुटत नाहीये.

मेन स्टँडवरच्या दोन चाचण्या

पहिली, इंजिन बंद ठेवून. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक एका हाताने टायरला धरून सावकाश फिरवत राहा आणि दुसऱ्या हाताने गिअरचं पेडल एकेक घर चढवत जा. बोटं चेन आणि स्पोकपासून लांब. चाक फिरत असेल तर सगळे गिअर, पाचवा धरून, हाताच्या जोरावर पडायला हवेत आणि तसेच उतरायला हवेत. माझे पडले. याचा अर्थ गिअर सरकवणारे आतले फोर्क, ड्रम वगैरे मंडळी धडधाकट आहेत. इथेच अडत असेल तर पुढचं सगळं सोडा आणि गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.

दुसरी चाचणी इंजिन चालू ठेवून. मोकळ्या जागेत, पुढे कोणी उभं नसताना. मेन स्टँडवर, क्लच पूर्ण दाबून पहिला टाका. मागचं चाक हळूहळू फिरेल. ऑइलमुळे प्लेटा एकमेकींना थोडं ओढतातच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आता मागचा ब्रेक अलगद लावा. चाक निमूट थांबलं आणि इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, तर क्लच ठीक. ब्रेक लावताच इंजिन दबलं, धापा टाकायला लागलं किंवा बंद पडलं, तर क्लच ओढतोय. माझी गाडी सकाळी, थंड असताना, या चाचणीत पास झाली. संध्याकाळी कंपनीतून आल्याआल्या नापास. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

लिव्हरचा प्ले : पट्टीने मोजा, अंदाजाने नको

क्लचचा लिव्हर दाबायला सुरुवात केली की पहिला थोडा भाग पोकळ जातो, मग स्प्रिंगचा जोर लागतो. तो पोकळ भाग म्हणजे प्ले. बऱ्याचशा छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर दिलेला असतो. काही कंपन्या टोकाऐवजी लिव्हरच्या मुळाशी, जिथे तो होल्डरला टेकतो तिथे, मोजायला सांगतात आणि तिथला आकडा दोन-तीन मिलिमीटरच असतो. म्हणून आधी आपल्या पुस्तिकेत बघा. ती सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदांसोबत, न उघडलेली पडलेली असते.

मोजायला मुलाची कंपासपेटीतली पट्टी पुरते. पट्टी मुठीच्या बाजूने लिव्हरच्या टोकाला धरायची, एका बोटाने लिव्हर जोर लागेपर्यंतच ढकलायचा आणि टोक किती सरकलं ते वाचायचं. माझं सरकलं ३१ मिलिमीटर.

क्लचमध्ये प्लेटांची थप्पी असते आणि लिव्हर पूर्ण दाबल्यावर तिच्यावरचा दाब जेमतेम एक-दोन मिलिमीटर उचलला जातो. तेवढ्यात सगळ्या प्लेटा सुट्या व्हायच्या. लिव्हरची निम्मी चाल पोकळच गेली, तर उरलेल्या चालीत हे उचलणं अपुरं पडतं. पाय कितीही दाबा, दोष हाताकडचा आहे.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण ही चूक जास्त महाग पडते. "प्ले कमी म्हणजे गिअर मऊ" असं समजून काही जण तो शून्य करून टाकतात. मग लिव्हर सोडल्यावरही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, जळका वास येतो आणि प्लेटा लवकर उतरतात. थोडा प्ले हवाच.

ॲडजस्टर दोन असतात. एक वर, लिव्हरपाशी रबरी टोपणाखाली. एक खाली, इंजिनच्या बाजूला, पत्र्याच्या कानात बसवलेला आणि दोन नटांमध्ये धरलेला. पुष्कळ मेकॅनिक फक्त वरचाच फिरवतात, कारण तो हाताने फिरतो. माझ्या गाडीचा वरचा ॲडजस्टर चार फेऱ्यांत इतका बाहेर आला होता, की आता दोन-तीन आट्यांवर लटकत होता. रीत उलटी आहे. वरचा आधी जवळजवळ पूर्ण आत घ्यायचा. मग खालचे दोन नट दोन पान्यांनी सैल करून मोठी दुरुस्ती खाली करायची, चेकनट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) आवळायचा आणि शेवटचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा हिशोब वर. वरचा ॲडजस्टर बाहेर घेतला की प्ले कमी होतो, आत घेतला की वाढतो. काम संपल्यावर ॲडजस्टरची आणि होल्डरची खाच एका रेषेत ठेवू नका, नाहीतर तिथून केबल सुटते आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत जातं.

मी प्ले १५ मिलिमीटरवर आणला. गाडी लोणी. पण लोणी तर शोरूमवालेही करून देत होते. प्रश्न होता की ते टिकत का नाही.

नेलपेंट आणि कॅलेंडर

पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुने मिस्त्री बसतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना सांगितलं, तर त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "नटाला रंग लाव. नट फिरला तर रंग तुटंल. न्हाई तुटला, तर नट गुन्हेगार न्हाई."

बायकोचं लाल नेलपेंट घेतलं आणि वरच्या-खालच्या दोन्ही चेकनटांवर, नटावरून शेजारच्या धातूवर जाईल अशी एकेक रेघ ओढली. मग रोज संध्याकाळी, गाडी लावल्यावर, प्ले मोजून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहायला लागलो. पहिल्या दिवशी १५. तिसऱ्या दिवशी १९. सहाव्याला २६. आठव्याला ३०. आणि दोन्ही नटांवरच्या लाल रेघा जशाच्या तशा, अखंड.

म्हणजे काहीही सैल होत नव्हतं. नट जागच्या जागी आणि प्ले मात्र वाढतोय, तर बदलतेय ती केबल. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते हे खरं, पण एक-दोनदा. पाचव्यांदा नाही.

मग एक गोष्ट केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. गाडी मेन स्टँडवर, हँडल पूर्ण डावीकडे वळवून प्ले मोजला, मग पूर्ण उजवीकडे. हँडल वळवल्याने प्ले बदलायला नको. माझ्याकडे दोन बाजूंमध्ये नऊ मिलिमीटरचा फरक आला. केबल कुठेतरी पकडली गेली होती.

टॉर्च घेऊन लिव्हरपासून खालपर्यंत बोटाने केबल चाचपत गेलो. हेडलाइटच्या मागे ठीक. टाकीच्या पुढे ठीक. आणि तिथून खाली लेग गार्डपाशी आलो तर बोटाला चिकट लागलं. गाडी घेताना ॲक्सेसरीज म्हणून लेग गार्ड, सीट कव्हर, गार्निश असा सगळा सरंजाम बसवून दिला होता. लेग गार्ड कसताना क्लचची केबल त्याच्या पाइपच्या आतल्या बाजूला गेली होती आणि लोंबू नये म्हणून कोणीतरी प्लॅस्टिकच्या टायने पाइपला आवळून टाकली होती. त्यामुळे ती सिलिंडरला टेकत होती. टेकण्याच्या जागी तीनेक बोटं काळं आवरण वितळून आतली तारेची गुंडाळी उघडी पडली होती, आणि टायपाशी केबलला कोपरासारखी कच्ची घडी पडून त्या गुंडाळीचे वेढे फाकले होते.

क्लचच्या केबलमध्ये आतली तार ओढते आणि बाहेरची नळी रेटा सहन करते. नळी ताठ असली तरच ओढ शेवटपर्यंत पोचते. माझी नळी रोज गरम होऊन मऊ पडत होती आणि प्रत्येक दाबासरशी त्या घडीपाशी थोडी थोडी दबत होती. नळी आखडली की तेवढा प्ले वाढला. ॲडजस्ट केलं की आठवडाभराची उसनवारी, पुन्हा दबायला मोकळी. सकाळी पास आणि संध्याकाळी नापास का, याचं उत्तरही तेच. जितकं इंजिन गरम, तितकी नळी मऊ.

उपाय साधा निघाला. केबल नवी, दोनशे रुपयांच्या आतली. बसवताना ती लेग गार्डच्या बाहेरून, मूळच्या तारेच्या कड्यातून, मोठ्या गोलाईने खाली आणली. इंजिनला कुठेही टेकत नाही, टाय कुठेच नाही. ते कडं गाडीसोबतच आलेलं होतं, पण लेग गार्ड बसवणाऱ्याने केबल त्यातून काढून टाकली होती. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर प्ले दोन मिलिमीटर वाढला, तो एकदा काढला. त्यानंतर हलला नाही.

तुमच्याकडे लेग गार्ड नसेल, तर मोबाइल होल्डर, जादा हॉर्नची वायर, हँडलला बांधलेला फॉग लॅम्प, यांपैकी काही नंतर बसवलंय का ते आठवा. तक्रार त्या दिवसापासून सुरू झाली असेल, तर गिअरबॉक्सकडे बघायच्या आधी तिकडे बघा.

ऑइल

छोट्या गाडीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलमध्ये नांदतात. सगळं मिळून लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी. त्यामुळे ऑइल बदललं की पायाला कळतं. पहिली सर्व्हिस साधारण ५०० ते ७५० किलोमीटरदरम्यान असते आणि तेव्हाचं ऑइल बदलायचंच, टॉप अप करून भागवायचं नाही. पहिल्या ऑइलमध्ये नव्या भागांचा झिजलेला बारीक चुरा असतो. ड्रेन करताना शेजारी उभे राहा, ऑइल चंदेरी झळाळी मारताना दिसेल. एवढं चालतं. नखाएवढे तुकडे दिसले, तर तिथल्या तिथे फोटो काढा.

डब्यावर दोन गोष्टी बघा. पुस्तिकेत सांगितलेला ग्रेड, बहुतेक १०डब्ल्यू-३०, आणि जासो एमए किंवा एमए२ हे अक्षर. हे ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठी असतं. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी, ते गिअरच्या गाडीत नको. कारसाठीचं महागडं ऑइल उरलंय म्हणून घालू नका, त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांनी क्लचच घसरायला लागतो. आणि "घट्ट ऑइल टाकतो, आवाज कमी येईल" म्हणून २०डब्ल्यू-५० टाकणारेही भेटतात. नाशिकच्या जानेवारीत सकाळी सहाला ते मधासारखं होतं, प्लेटा चिकटतात आणि पहिला गिअर पडताना गाडी टुणकन उडी मारते. निफाडकडच्यांना तर सांगायलाच नको.

योग्य ऑइल असूनही थंडीत रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा थोड्या चिकटतातच. त्यासाठी सकाळी इंजिन बंद असताना दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गाडी दोन-तीनदा पुढे-मागे ढकलायची. पहिल्यांदा चाक अडतं, मग एकदम मोकळं होतं. तेव्हा प्लेटा सुटल्या. मग न्यूट्रल करून स्टार्ट करा आणि मिनिटभर तशीच चालू राहू द्या. आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, जास्त वाढवून ठेवलेलं असेल तरी पहिला खट्ट करतो. छोट्या गाड्यांचं आयडलिंग साधारण १४०० आरपीएमच्या आसपास असतं.

चेन

यावर फार लिहीत नाही, पण पहिल्या सर्व्हिसनंतर गिअर एकाएकी कडक झाले असतील तर चेन जास्त ताणून दिलीय का ते आधी तपासा. इंजिन बंद, चेनकव्हरच्या खालच्या भोकातलं रबरी बूच काढा, बोटाने चेन वरखाली करा. छोट्या गाड्यांत ही हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर हवी. चाक थोडं थोडं फिरवून तीन-चार ठिकाणी बघा आणि जिथे सर्वांत ताठ असेल तिथलं माप धरा. तारेसारखी ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला सतत ओढत राहते. फार सैल असली की प्रत्येक गिअरला धक्का बसतो आणि लोक त्यालाही "गिअर हार्ड" म्हणतात.

पाय, बूट आणि अण्णा

आमच्या कंपनीत सेफ्टी शूज सक्तीचे. पुढे लोखंडी वाटी असलेले, नाकाड जाड. नव्या गाडीत पाचही गिअर एक खाली, चार वर. म्हणजे दुसऱ्यापासून पुढे बुटाचं नाक पेडलखाली घालून उचलायचं, नाहीतर मागच्या टाचेच्या पट्टीवर दाबायचं. साध्या चपलेत नाक आरामात जायचं, सेफ्टी शूजमध्ये अर्धंच. पाय तिरका होऊन अर्धवट उचलला जायचा आणि दुसरा-तिसऱ्याच्या मध्ये फॉल्स न्यूट्रल. हा दोष ना क्लचचा ना गिअरबॉक्सचा, बुटाचा होता.

पेडल शाफ्टवर बारीक दात्यांवर बसलेलं असतं. बोल्ट पूर्ण काढून, शाफ्टवर मार्करने खूण करून, पेडल बाहेर ओढायचं आणि एक दाता वर सरकवून बसवायचं. एकच. दोन दाते वर गेलं की मागची टाचपट्टी खाली येऊन फूटरेस्टच्या पाइपला टेकते आणि मग टाचेने गिअर पूर्ण पडतच नाही. बसवल्यावर पेडल दोन्ही बाजूंनी पूर्ण दाबून बघा, कुठे अडत नाही ना. गाडी डाव्या बाजूला पडलेली असेल, अगदी स्टँडवरून उभ्याउभ्यासुद्धा, तर पेडल आत वाकून इंजिनच्या कव्हरला घासतंय का तेही बघा.

दुसरी भानगड घरातलीच. रविवारी अण्णा गाडी घेऊन बाजारात जातात. त्यांनी वीस वर्षं शंभर सीसीची चार गिअरवाली चालवली, तिचे सगळे गिअर पुढे दाबून पडायचे. ते नव्या गाडीलाही वेगात असताना पुढेच दाबतात, म्हणजे तिसऱ्यातून दुसऱ्यात. गाडी गुरगुरते, झटका देते, आणि अण्णा घरी येऊन सांगतात, "तुझ्या गाडीचे गिअर काही बरोबर नाहीत रे." टाकीवर गिअरचं चित्र असलेला स्टिकर लावून दिला. त्यांनी तो बघितला, म्हणाले, "हे आजकाल काहीही उलटं करतात." आता ते माझी स्कूटरच नेतात.

न्यूट्रलची सवय मात्र मी स्वतःही बदलली. गाडी पूर्ण थांबल्यावर न्यूट्रल शोधण्यापेक्षा, थांबायच्या आधी शेवटचे दोन-तीन मीटर गाडी चालत असतानाच दुसऱ्यातून हलकेच अर्धा दाब द्यायचा. चाक फिरत असतं, ठोकळे मोकळे असतात, न्यूट्रल सहज लागतो. गाडी थांबलीच आणि लागला नाही, तर क्लच किंचित सोडून पुन्हा दाबायचा आणि मग टिचकी. पेडलवर लाथ मारायची नाही. आतले फोर्क वाकले की खर्च हजारांत जातो.

हे दिसलं तर घरी काही करू नका

रेस दिल्यावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येणं. दाबल्यावर पेडल परत जागेवर न येणं. प्रत्येक वेळी एकच ठरावीक गिअर अडणं, बाकीचे नीट. ऑइलमध्ये धातूचे तुकडे. प्ले बरोबर, ऑइल बरोबर, केबल मोकळी, तरी दुसऱ्या चाचणीत इंजिन दबणं. यांपैकी काहीही असलं तर आत काहीतरी चुकीचं बसलंय किंवा वाकलंय, आणि ते वॉरंटीत होणारं काम आहे. क्लचचं कव्हर बाहेरच्या मिस्त्रीकडून उघडून घेतलं, तर पुढे वॉरंटीवरून वाद घालायला कारण मिळतं.

सर्व्हिस सेंटरला जाताना मात्र "गिअर हार्ड आहे" एवढंच सांगू नका. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या : किती किलोमीटरला, गरम असताना की थंड असताना, कोणता गिअर, इंजिन बंद केल्यावर लागतो की नाही, प्ले किती मोजला. आणि याआधी किती वेळा ॲडजस्ट झालं, तारखांसकट. मी कॅलेंडरचं ते पान आणि वितळलेली केबल दोन्ही काउंटरवर ठेवली. सुपरवायझरने केबल उलटसुलट करून बघितली, आत गेला, आणि ज्या मुलाने ॲक्सेसरीज बसवल्या होत्या त्याला हाक मारली. पोरगा अठरा-एकोणीसचा. त्याने केबल हातात घेतली आणि म्हणाला, "सगळ्याच गाड्यांना असंच बांधतो ना आपण." त्या दुपारी दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीच्या दोन गाड्यांच्या टाय माझ्यासमोर कापल्या गेल्या.

माझी गाडी आता ४२०० किलोमीटरवर आहे. प्ले १६. सकाळचा पहिला गिअर अजून थोडा खट्ट करतो, तेवढा तो करणारच. लाल नेलपेंट नटांवर तसंच आहे.